घटक ४ : व्यवसायातील माहिती प्रणाली – नोंद, नाव आणि क्रमांक

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला विदा आणि माहिती यांतील भेद स्पष्ट करता येईल. व्यवसायातील माहिती प्रणाली कशी चालते हे आपल्या परिसरातील एखाद्या उदाहरणाच्या आधारे सांगता येईल. व्यक्तींची व गावांची नावे यंत्रात नोंदवताना कोणत्या भाषिक अडचणी येतात आणि संकेतांकांनी त्या कशा दूर होतात, याचे विवेचन करता येईल. देवनागरी लिपी संगणकात कशी साठवली जाते, याचीही प्राथमिक ओळख होईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात संगणक आणि माहिती तंत्रज्ञान कशासाठी, असा प्रश्न संपर्क सत्रात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मागील घटकांत आपण व्यावसायिक पत्र, इतिवृत्त आणि जाहिरात यांचा अभ्यास केला. ते भाषेचे व्यवहार आहेत हे उघडच दिसते. माहिती प्रणाली मात्र अभियंत्यांचा आणि वाणिज्य शाखेचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो.

हा समज अर्धाच खरा आहे. यंत्र कसे बांधावे हे अभियंता जाणतो. परंतु त्या यंत्रात काय नोंदवायचे, नोंदवलेल्या गोष्टीला काय म्हणायचे, आणि दोन माणसांनी लिहिलेली दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत की दोन व्यक्तींची, हे ठरवणे भाषेचे काम आहे. या पुस्तिकेचे बरेचसे वाचक पतसंस्थेत, दूध संस्थेत, दुकानात किंवा एखाद्या कार्यालयात नोकरी करत शिकत आहेत. नोंद चुकली की कोणाचे पैसे अडकतात, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

४.३ विदा, माहिती आणि प्रणाली

‘विदा’ हा ‘डेटा’ या शब्दासाठी मराठीत योजलेला पर्याय आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे या संस्कृत धातूशी त्याचे नाते आहे. बोलण्यात ‘डेटा’च रूढ आहे आणि त्यात काही बिघडत नाही. या घटकात आपण ‘विदा’ वापरू, कारण ‘माहिती’ या शब्दापासून तो वेगळा ठेवणे सोयीचे जाते.

‘६.५’ ही विदा आहे. तिला स्वतःचा अर्थ नाही. हे लिटर आहेत, रुपये आहेत की दुधातील स्निग्धांश, हे कळल्याशिवाय ती निरुपयोगी आहे. ‘आज सकाळी सभासद क्रमांक ४६ यांनी ६.५ लिटर म्हशीचे दूध घातले’ ही माहिती झाली. विदेला संदर्भ मिळाला की माहिती तयार होते, आणि संदर्भ देण्याचे काम शब्द करतात. विदा गोळा करणे, साठवणे, तिच्यावर प्रक्रिया करणे आणि योग्य माणसापर्यंत योग्य वेळी माहिती पोहोचवणे, यासाठी माणसे, नियम आणि साधने यांची जी जुळणी केलेली असते तिला माहिती प्रणाली म्हणतात. माहिती तंत्रज्ञान हे त्यातील साधन होय. प्रणाली आधी असते, तंत्रज्ञान नंतर येते.

याचा पुरावा आपल्याच व्यापारी परंपरेत आहे. पेढीवर दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत लिहिले जात. तेथून प्रत्येक खात्यावर ते चढवण्याला खतावणी म्हणत. खात्यांच्या बाकींची तेरीज निघे आणि वर्षाअखेरीस ताळेबंद मांडला जाई. एकदा नोंदवलेली गोष्ट वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळ्या रीतीने मांडणे हेच आजच्या संगणकीय प्रणालीचेही सूत्र आहे. या परंपरेतील एक शब्द मला नेहमी विचार करायला लावतो. जमेच्या विरुद्ध बाजूला मराठी हिशेबनीस ‘खर्च’ असे न म्हणता ‘नावे’ म्हणतो. रक्कम कोणाच्या तरी नावे पडते. हिशेबाचा आधार रकमेइतकाच नावही आहे, हे या एका शब्दाने सांगून ठेवले आहे.

मुंबईचे डबेवाले हेही संगणकाविना चालणाऱ्या प्रणालीचे प्रसिद्ध उदाहरण. डब्याच्या झाकणावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांवरून डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर पोहोचवायचा हे कळते. पूर्ण पत्ता झाकणावर कोठेच नसतो. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे, म्हणून येथे विस्तार करत नाही.

४.४ एक उदाहरण : गावातील दूध संकलन केंद्र

पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही गावात सकाळी सहाच्या सुमारास दूध संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागलेली दिसते. सभासद आपला क्रमांक सांगतो. दूध इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजले जाते. त्यातील थोडासा नमुना यंत्रात घातला की काही क्षणांत स्निग्धांश, म्हणजे ज्याला सगळे ‘फॅट’ म्हणतात तो, आणि स्निग्धेतर घन पदार्थ, म्हणजे ‘एसएनएफ’, यांचे आकडे पडद्यावर उमटतात. संगणक दरपत्रकातून त्या दोन आकड्यांना जुळणारा दर शोधतो, लिटरने गुणतो आणि पावती छापतो. पावतीवर तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. गायीच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हा पाया धरून जाहीर होतो, तर म्हशीच्या दुधासाठी ६ फॅट व ९ एसएनएफ हा पाया धरला जातो. प्रत्यक्ष दूध त्याहून सरस वा निरस निघाले तर दर वरखाली होतो.

ही यंत्रे येण्यापूर्वी हेच काम गर्बर पद्धतीने होत असे. काचेच्या नळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून ती नळी फिरवायची आणि वर आलेल्या स्निग्धांशाची पातळी डोळ्यांनी वाचायची. आकडा वहीत लिहायचा आणि गुणाकार रात्री कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडात करायचा. सचिवाच्या डोळ्यांवर आणि सचोटीवर सारे अवलंबून असे. पावती हातात पडू लागल्यापासून उत्पादकाला त्याच क्षणी आपला आकडा कळतो आणि पटला नाही तर तेथेच विचारता येतो. माझ्या मते या प्रणालीचा सर्वांत मोठा लाभ वेगाचा नाही, तर विचारण्याच्या या संधीचा आहे.

आता याच केंद्रावर प्रणालीचे तीन स्तर पाहू. रोजची प्रत्येक नोंद घेणे आणि पावती देणे ही व्यवहार प्रक्रिया प्रणाली होय. ठरावीक दिवसांनी, बहुधा दहा दिवसांनी, प्रत्येकाचे बिल तयार होते. कोणी दूध घालणे थांबवले, कोणाचे फॅट उतरले, संस्थेचे एकूण संकलन किती झाले, याचे अहवाल सचिव आणि संचालक मंडळ पाहते. ही व्यवस्थापन माहिती प्रणाली. गावोगावच्या संस्थांचे आकडे संघाकडे जातात. टँकर कोणत्या मार्गाने फिरवावा, कोणत्या गावात शीतकरणाची सोय करावी, दुधाच्या पुष्टकाळात जादा दुधाची भुकटी किती करावी, असे प्रश्न तेथे सोडवले जातात. त्यासाठी जुळवलेल्या व्यवस्थेला निर्णय साहाय्य प्रणाली म्हणतात. तिन्ही स्तरांचा कच्चा माल एकच, सकाळी सहा वाजता रांगेत झालेली नोंद. ती चुकली तर वरच्या मजल्यावरील आलेख कितीही देखणा असला तरी चुकीचाच असणार.

याच संदर्भात एका संपर्क सत्रात ऐकलेला प्रसंग सांगतो. आमची एक विद्यार्थिनी तिच्या गावच्या दूध संस्थेत संगणकावर काम करते. वादळी पावसाने दोन दिवस वीज गेली होती. चार वेळच्या नोंदी वहीत हातानेच झाल्या. वीज आल्यावर ती वहीतून वाचू लागली आणि मदतीला बसलेला तिचा धाकटा भाऊ टंकू लागला. भाऊ इंग्रजी माध्यमात शिकलेला. ‘सेहेचाळीस’ ऐकल्यावर त्याने ६४ टंकले. अशा आणखीही चुका झाल्या, पण त्या यंत्राने अडवल्या. संस्थेत सत्तरच सभासद असल्यामुळे एकोणतीसचे ९२ यंत्र स्वीकारीना, आणि पस्तीसचे ५३ झाले तेव्हा ‘नोंद आधीच झाली आहे’ अशी सूचना पडद्यावर आली. ४६ चे ६४ मात्र खपून गेले. ६४ क्रमांकाचे खाते अस्तित्वात होते आणि त्या दिवसांत त्यावर एकही नोंद नव्हती. पडद्यावर नाव दिसे, पण नावाची चौकट इतकी अरुंद होती की दोन्ही क्रमांकांपुढे ‘शिंदे सं.’ एवढेच उमटत होते. एक संगीता, दुसरी संजीवनी.

चूक सापडली ती यंत्रामुळे नव्हे. बिलाच्या दिवशी ६४ क्रमांकाच्या संजीवनीबाई संस्थेत आल्या आणि म्हणाल्या, “अगं, माझी गाय आटून महिना झाला. हे पैसे कुणाचे आलेत?” तोवर संगीताबाईंनीही आपल्या हाती लिहिलेल्या चार चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. हिशेब त्याच दुपारी दुरुस्त झाला. म्हशीचे दूध गायीच्या खात्यावर चढले, फॅटचा आकडा सातच्या घरात गेला, तरी प्रणालीला त्यात काही खटकले नव्हते. कारण गाय की म्हैस हे तपासण्याचा नियम तिला कोणी दिलेलाच नव्हता.

प्रसंग लहान आहे. रक्कमही लहान होती, पण दहा दिवसांच्या बिलावर ज्या घराचा किराणा अवलंबून असतो त्या घराला ती लहान नव्हती. पुढील दोन भागांचा सारा विषय या प्रसंगात आला आहे.

४.५ नाव : माणसाचे, गावाचे

व्यवहारात नावाकडून आपण दोन अपेक्षा ठेवतो. एका व्यक्तीचे एकच नाव असावे आणि एका नावाची एकच व्यक्ती असावी. नैसर्गिक भाषा या दोन्ही अपेक्षा मोडते.

एका व्यक्तीची अनेक नावे कशी होतात ते पाहा. महाराष्ट्रात शालेय प्रमाणपत्रांवर आडनाव आधी लिहिण्याची प्रथा आहे. बँकेच्या अर्जात मात्र ‘पहिले नाव’ अशी चौकट असते. प्रमाणपत्र समोर ठेवून अर्ज भरणारा त्या चौकटीत आडनाव लिहितो आणि ‘पाटील’ हे त्याचे पहिले नाव होऊन बसते. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावरची, रेशनकार्डावरची आणि बँकेच्या पासबुकातली स्त्री एकच आहे हे तिला स्वतःला माहीत असते, यंत्राला नसते. सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येते.

त्यात रोमन लिपीची भर पडते. मराठी नावे रोमन लिपीत कशी लिहावीत याची सर्वमान्य पद्धत लोकव्यवहारात नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. मराठीत ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’च्या जवळचा असल्याने आपण रोमन लिपीत त्याचा आरंभ ‘डी, एन, वाय’ या अक्षरांनी करतो. हिंदीभाषक लेखनिक ‘ग्य’ ऐकतो आणि ‘जी’ने आरंभ करतो. संस्कृतच्या वळणाने लिहिणारा ‘जे’ने करतो. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत एकच ज्ञानेश्वर तीन ठिकाणी सापडेल. उलट दिशेनेही अडचण आहेच. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावे रोमन लिपीत एकच होतात, कारण ‘ळ’साठी त्या लिपीत वेगळे अक्षर नाही. ‘ठ’ आणि ‘थ’ यांचेही तसेच. रोमन यादीवरून यंत्राने पुन्हा देवनागरी यादी तयार केली की ‘साठे’ यांचे ‘साथे’ होतात. अशा यादीवर हसू येते, पण त्या यादीतून ज्याचे अनुदान यायचे असते त्याला हसू येत नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न तर संगणकाहून कितीतरी जुना. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही नावे महाराष्ट्रात किती ठिकाणी आढळतात ते नकाशा उघडून पाहावे. आपल्या पूर्वीच्या व्यवस्थेने त्यावर उपाय शोधला होता. एकाच नावाच्या दोन शेजारी वस्त्या असल्या की मोठीला ‘बुद्रुक’ आणि धाकटीला ‘खुर्द’ म्हणावे. दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, ‘खुर्द’ म्हणजे लहान. इतरत्र शेजारच्या ठिकाणाचे किंवा प्रदेशाचे नाव जोडले गेले, जसे वडगाव मावळ. ही उपपदे म्हणजे एका अर्थाने महसुली माहिती प्रणालीचे संकेतांकच. आजच्या याद्यांत मात्र कोणी ‘बुद्रुक’ लिहितो, कोणी ‘बु.’, कोणी ‘बु’, आणि कोणी काहीच लिहीत नाही. यंत्राच्या दृष्टीने ही चार गावे झाली.

४.६ क्रमांक आणि संकेतांकाचे व्याकरण

नावाने काम भागत नाही तेथे क्रमांक येतो. याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषा व लिप्यांतील पत्ते आणि चुकीचे वर्णलेखन यांमुळे टपालाची वर्गवारी करताना होणारा घोळ टाळणे हा त्याचा हेतू होता. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते आणि संस्कृतचे व्यासंगी लेखक व कवीही होते. भाषेचा अभ्यासक आणि माहिती प्रणालीचा रचनाकार एकाच व्यक्तीत असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पिनकोडमध्ये सहा अंक असतात. पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वितरण करणारे टपाल कार्यालय. महाराष्ट्र आणि गोवा हे ४ या अंकाच्या विभागात येतात. ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४११ पुणे, ४१६ कोल्हापूर. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा नाशिक येथील पिन ४२२२२२ आहे, तो पाठ करण्यासाठी कष्ट पडत नाहीत. पदाच्या घटनेत मूळ धातू, प्रत्यय यांना जसे ठरलेले स्थान असते तसेच येथे प्रत्येक अंकाला आहे. त्या स्थानामुळेच अंकाला अर्थ येतो.

व्यापाऱ्याच्या वस्तू व सेवा कर क्रमांकाची घटना याहून गुंतागुंतीची, पण त्याच जातीची आहे. पंधरा अक्षरांच्या या संकेतांकातील पहिले दोन अंक राज्य दाखवतात. महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन. पॅनमधील चौथे अक्षर तो व्यक्ती आहे, कंपनी आहे की भागीदारी संस्था, हे सांगते. दुकानाच्या पावतीवर छापलेला हा क्रमांक एकदा उकलून वाचावा. समासाचा विग्रह करण्याचा आनंद त्यात थोडासा मिळतो.

क्रमांकातही चुका होतातच, आणि आता आपण ‘सेहेचाळीस’कडे परत येऊ. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांची नावे बहुतांशी एककाकडून दशकाकडे जातात. ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी आणि पाच नंतर. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम उलट असल्याने सांगून लिहून घेताना अंकांची अदलाबदल होण्याची शक्यता वाढते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. भाषेचे वळण पाठ्यपुस्तकाने बदलावे असे मला वाटत नाही. पण अडचण खोटी नव्हती. जुने कारकून फोनवरून क्रमांक सांगताना ‘चार, सहा’ असे सुटे अंक सांगतात, ते याच अनुभवातून.

प्रणालीनेही या चुकीवर एक उपाय शोधला आहे. त्याला पडताळा अंक म्हणतात. समजा, खाते क्रमांक ३७२५ आहे. त्यातील अंकांना अनुक्रमे २, ३, ४ आणि ५ यांनी गुणा. ६, २१, ८ आणि २५ मिळतात. बेरीज ६०. तिला ११ ने भागले तर बाकी ५ उरते. हा ५ मूळ क्रमांकाच्या शेवटी जोडला की ३७२५५ असा पूर्ण क्रमांक तयार होतो. (बाकी १० उरेल असे क्रमांक द्यायचेच नाहीत, असा नियम करता येतो.) आता कोणी घाईत पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७३२५५ टंकले तर काय होईल? १४, ९, ८ आणि २५ यांची बेरीज ५६. अकराने भागून बाकी १. शेवटचा अंक मात्र ५ आहे. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून यंत्र क्रमांक नाकारते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल आणि एखाद्या अंकाची चूक या दोन्ही या पद्धतीत सापडतात. आधार क्रमांकाचा बारावा अंक अशाच, पण अधिक कसोशीच्या पद्धतीने ठरवलेला पडताळा अंक आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या संस्थेत सभासद क्रमांकाला असा अंक असता, तर संजीवनीबाईंना खेप घालावी लागली नसती.

४.७ देवनागरी संगणकात कशी राहते

१९९० च्या दशकात मराठी कार्यालयांत संगणक आले तेव्हा मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फाँटांत टंकला जाई. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कागदावर छापताना ते सुरेख दिसे, यंत्राच्या स्मरणात मात्र रोमन अक्षरांचीच निरर्थक माळ असे. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ती माळ उघडी पडे. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि वर्णक्रम लावता येत नाही. म्हणजे तो छापखान्याच्या उपयोगाचा, माहिती प्रणालीच्या उपयोगाचा नाही. अनेक संस्थांचे त्या काळातील मराठी दप्तर आजही याच अवस्थेत पडून आहे.

भारतीय लिप्यांसाठी सामाईक अशी ‘इस्की’ ही मानक संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये अक्षराचा आकार साठवला जात नाही, वर्ण साठवला जातो. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण स्मरणात क आधी आणि वेलांटी नंतर असते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. ‘क्ष’ हे एक अक्षर स्मरणात क, हलंत चिन्ह आणि ष अशा तीन खुणांचे असते. पाणिनीच्या परंपरेतील अभ्यासकाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

तरीही मराठीच्या काही खास जागा अवघड राहिल्या. ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ यांतील अर्थभेद तुम्ही व्याकरणात शिकला आहात. दुसऱ्या शब्दातील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते निराळे वाटतात. परिणामी ‘कऱ्हाड’ शोधले तर यादीतील अर्धी कऱ्हाडे सापडतात आणि अर्धी सापडत नाहीत. ‘ॲ’ हा वर्ण स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. त्यापूर्वी तो अ ला चंद्र जोडून लिहीत, आजही काही जण लिहितात. ‘बँक’ या शब्दाची चंद्रबिंदू देऊन, तसेच चंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन, अशी दोन लेखने तुमच्या स्वतःच्या फायलींत शोधून पाहा. प्रमाणलेखनाचा आग्रह हा केवळ पंडितांचा हट्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन हजार खातेदारांची यादी एकदा तरी लावून पाहावी.

४.८ बाजारात

अलीकडच्या बदलांविषयी थोडक्यात. बँकांनी मध्यवर्ती संगणक प्रणाली स्वीकारल्यापासून ग्राहक एका शाखेचा न राहता सबंध बँकेचा झाला. २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने युपीआय सुरू केल्यावर खाते क्रमांक न सांगता, संकेतचौकट दाखवून पैसे देणे भाजीबाजारापर्यंत पोहोचले. माझे लक्ष वेधले ते गाडीवरील बोलक्या पेटीने. “पन्नास रुपये प्राप्त झाले,” असे ती मराठीत म्हणते. भाजीवाल्या मावशी स्वतः ‘प्राप्त झाले’ असे कधीच म्हणणार नाहीत, ‘आले’ म्हणतील. पण वजन करताना हात ओले असतात, नजर काट्यावर असते, आणि काहींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी माहिती डोळ्यांऐवजी कानाने येते. त्या पेटीसाठी हे मराठी वाक्य कोणीतरी रचले असणार. ‘प्राप्त’ की ‘आले’, आकडा आधी की क्रियापद आधी, गोंगाटात कोणता शब्द स्पष्ट ऐकू येईल, हे ठरवणाऱ्याला भाषेची जाण लागते.

४.९ स्वाध्याय

१. तुमच्या गावातील दूध संस्था, पतसंस्था, औषध दुकान किंवा पिठाची गिरणी यांपैकी एका ठिकाणी अर्धा तास थांबून पाहा. तेथील एक नोंद कोणापासून निघते, कोणाच्या हातून जाते आणि कोठे पोहोचते, हे सुमारे ३०० शब्दांत लिहा. वही वापरली जात असेल तर तीही प्रणालीच समजा.

२. घरातील एका स्त्रीच्या तीन कागदपत्रांवरील नावे तिच्या परवानगीने पडताळा. कोठे आणि का फरक पडला, याची भाषिक कारणे सांगा. (कागदपत्रांच्या प्रती उत्तरपत्रिकेला जोडू नयेत. नावे बदलून लिहावीत.)

३. खाते क्रमांक ४६१८ साठी वरील पद्धतीने पडताळा अंक काढा. नंतर मधल्या दोन अंकांची अदलाबदल करून चूक सापडते का ते तपासा.

४. दूध संस्थेच्या पडद्यावर सभासदाचे नाव दाखवण्यासाठी केवळ आठ अक्षरांची जागा आहे, असे समजा. एकाच आडनावाचे वीस सभासद ओळखू येतील अशी नाव लिहिण्याची रीत सुचवा आणि तिच्यातील उणीवही तुम्हीच दाखवा.